‘हॉट’ म्हणजे गरम, तिखट की उष्ण?

आजचा विषय नाव घेतलं की लांबचा वाटेल, पण आहे आपल्या चुलीजवळचा आणि बाळंतिणीच्या खोलीतला. आज आपण एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द छोटासा, रोजचा: ‘हॉट’. हा शब्द स्पॅनिश भाषेत नेताना कोणता शब्द निवडायचा, आणि चुकीचा निवडला तर बाईच्या पोटात, अंगावर आणि अब्रूवर काय बेततं, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, आमचा स्पॅनिशशी काय संबंध? सांगतो. औषधाच्या खोक्यावरची सूचना, योजनेचा अर्ज, आरोग्याचं पत्रक, यातलं बरंच काही मुळात इंग्रजीत लिहिलेलं असतं. कोणीतरी ते मराठीत आणतं, मग ते आपल्या हातात पडतं. आणणाऱ्याने शब्द नीट निवडला तर आपलं काम सोपं. नाही निवडला तर आपण वाचतो एक आणि करतो भलतंच. स्पॅनिश बोलणाऱ्या बायांच्या वाट्याला हे रोज येतं. स्पॅनिश ही सुमारे 20 देशांची राजभाषा आहे. एकट्या अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. मेक्सिको, ग्वाटेमाला, प्वेर्तो रिको अशा ठिकाणांहून तिथे गेलेल्या बाया शेतात, कारखान्यात, दुसऱ्यांच्या घरी कामं करतात. दवाखान्यात गेल्या की डॉक्टर इंग्रजी बोलतो आणि या स्पॅनिश. मधे एखादा शब्द अडकतो. त्या अडकलेल्या शब्दावरून आपल्यालाही पुष्कळ शिकता येईल.

आधी आपली भाषा पाहू

इंग्रज माणूस चहाला हॉट म्हणतो, मिरचीला हॉट म्हणतो, मे महिन्यातल्या दुपारलाही हॉटच म्हणतो. आपण तसं करतो का? चहा गरम असतो. मिरची तिखट असते. मे महिन्यात ऊन कडक असतं, उकाडा असतो. अंग तापलं तर ताप येतो, नुसतं थोडं वाटलं तर कणकण असते. पाणी कोमट असतं, ऊन असतं, कढत असतं. पपई खाल्ली की आपण म्हणतो, उष्ण पडते. ती पपई थंडगार पाण्यात ठेवलेली असली तरी उष्णच. लघवीला जळजळ होते, तव्याचा चटका बसतो, मिरचीचा हात डोळ्याला लागला की झोंबतं.

म्हणजे इंग्रजीत जिथे एक शब्द पुरतो तिथे आपल्याकडे आठ-दहा आहेत. कोणी इंग्रजी शब्दकोश उघडून ‘हॉट म्हणजे गरम’ एवढंच पाठ केलं आणि आपल्या घरी जेवायला बसून म्हणालं, ‘वहिनी, आमटी फार गरम आहे हो,’ तर वहिनी काय करतील? वाटी पंख्याखाली ठेवतील. पाहुण्याची जीभ मात्र तिखटाने पोळलेली. आमटी गार झाली तरी तिखट तेवढीच राहणार.

स्पॅनिशचंही अगदी असंच आहे.

हाताला गरम: कालिएन्ते

पहिला शब्द ‘कालिएन्ते’. हाताला, ओठाला जे गरम लागतं ते कालिएन्ते. पाणी, कॉफी, सूप, इस्त्री, तवा. ताप आलेल्या लेकराचं कपाळ हाताला लागतं तेही कालिएन्ते. बाळंतपणात पोटावर टाके पडले असतील आणि टाक्याजवळची जागा लाल होऊन हाताला तापलेली लागत असेल, तर तिथेही हाच शब्द. आणि तशी जागा दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा, कारण ते जखम पिकत असल्याचं लक्षण असू शकतं. हे तर कुठल्याही भाषेत खरं.

या शब्दाची एक गंमत नळावर दिसते. इंग्रजी देशांत गार पाण्याच्या नळावर ‘सी’ हे अक्षर असतं, ‘कोल्ड’ म्हणजे गार म्हणून. गरम पाण्याच्या नळावर ‘एच’ असतं, हॉटचं. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत नळावर ‘सी’ असेल तर तो गरम पाण्याचा! कारण कालिएन्ते हा शब्द त्याच अक्षराने सुरू होतो. गार पाण्यावर ‘एफ’ असतं, ‘फ्रिआ’ म्हणजे गार. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली बाई सवयीने ‘सी’चा नळ सोडेल आणि हात भाजून घेईल. अक्षर तेच, पण नळातून येणारं पाणी उलटं.

जिभेला गरम: पिकान्ते

दुसरा शब्द ‘पिकान्ते’. म्हणजे तिखट. ‘पिकार’ म्हणजे डंख मारणं, टोचणं. मधमाशी जे करते तेच मिरची जिभेवर करते, असं त्या भाषेचं म्हणणं. आपण ‘झोंबलं’ म्हणतो त्याच्या जवळचं. मेक्सिकोत ‘पिकोसो’ असंही म्हणतात. शिवाय तिथे ‘एन्चिलार्से’ असं एक क्रियापदच आहे. मिरची लागून नाकातोंडातून पाणी येणं, हाशहुश होणं, एवढं सगळं त्या एका शब्दात.

मिरचीची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐका. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्यांचा होता. नवीन फळ मिऱ्यासारखं तिखट लागलं म्हणून आपण त्याला मिरची म्हटलं. स्पॅनिश लोकांनी नेमकं तेच केलं. काळ्या मिऱ्याला त्यांच्याकडे ‘पिमिएन्ता’ म्हणतात. कोलंबस 1492 साली मसाल्यांच्या शोधात निघाला आणि पोचला भलतीकडेच. तिथलं हे तिखट फळ पाहून त्यांनी पिमिएन्तावरून ‘पिमिएन्तो’ असं नाव पाडलं. दोन भाषा हजारो मैलांवर, पण डोकं एकसारखं चाललं.

पण प्रत्येक ठिकाणी नाव एकच राहिलं नाही. मेक्सिकोत मिरचीला ‘चिले’ म्हणतात, तो तिथल्या मूळ लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘आही’ म्हणतात, तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. स्पेनमध्ये बारीक तिखट मिरचीला ‘गिंदिया’ आणि मोठ्या भाजीच्या मिरचीला ‘पिमिएन्तो’. म्हणजे ‘स्पॅनिशमध्ये मिरचीला काय म्हणतात?’ असं कोणी विचारलं तर आधी आपण विचारायचं, ‘कुठल्या गावच्या बाईशी बोलणार आहेस?’ आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पदार्थ तोच, पण कोकणात त्याला एक नाव, वऱ्हाडात दुसरं.

हवा गरम आणि अंग गरम

आता हवेचं पाहू. ‘आज फार गरम होतंय’ हे स्पॅनिशमध्ये ‘आसे कालोर’ असं म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर ‘उष्णता करते’ असा अर्थ. आपण नाही का ‘ऊन करतंय’, ‘उकडतंय’ म्हणत, तसंच काहीसं. दिवस कडक उन्हाचा असेल तर तो ‘कालुरोसो’.

आणि मला उकडत असेल तर? तर म्हणायचं ‘तेंगो कालोर’, म्हणजे ‘माझ्याकडे उष्णता आहे’. इथे नव्याने स्पॅनिश शिकणारी इंग्रज बाई हमखास फसते. इंग्रजीत ती ‘मी हॉट आहे’ असं म्हणते. तेच शब्दाला शब्द लावून ती म्हणते, ‘एस्तोय कालिएन्ते’. व्याकरण बरोबर, शब्द शब्दकोशातला, पण ऐकणारे माना खाली घालतात नाहीतर हसतात. कारण माणसाने स्वतःबद्दल असं म्हटलं की त्याचा अर्थ, अंगात कामवासना जागी झाली आहे, असा होतो. बिचारीला फक्त पंखा हवा होता. परक्या गावात, परक्या पुरुषांसमोर असा शब्द तोंडून गेला तर बाईला किती ओशाळं वाटेल, ते आपल्याला सांगायला नको.

गाय माजावर आली तर इंग्रजीत ‘हीटवर आहे’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये मात्र त्याला कालोर लागत नाही, कालिएन्तेही लागत नाही. ती ‘एन सेलो’ असते. गोठ्यातला शब्द वेगळा, जसा आपला ‘माज’ वेगळा.

अंगात ताप असेल तर ‘तिएने फिएब्रे’, म्हणजे ‘ताप आहे’. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत ‘कालेन्तुरा’ म्हणतात. दवाखान्यातल्या नर्सला नुसतं फिएब्रे माहीत असेल आणि आजी कालेन्तुरा म्हणत असेल, तर नर्सने आजीचा शब्द शिकून घ्यायला हवा. आजारी माणसाने शब्दकोश उघडायचा नसतो.

पाळी जाण्याच्या वयात आपल्याला अंगातून वाफा आल्यासारखं होतं, एकदम घाम फुटतो, चेहरा तापतो. इंग्रजीत या त्रासाच्या नावातही हॉट आहे. स्पेनमध्ये याला ‘सोफोकोस’ म्हणतात, म्हणजे गुदमरल्यासारखं होणं. मेक्सिकोत ‘बोचोर्नोस’. पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘कालोरेस’, म्हणजे उष्णतेचे झटके. यात बोचोर्नो हा शब्द पाहा. त्याचा एक अर्थ कुंद, दमट उकाडा आणि दुसरा अर्थ शरमेने चेहरा लाल होणं. एका शब्दात हवा, वय आणि लाज तिन्ही बसली.

थोडं हसूनही घ्या. ‘हॉट डॉग’ नावाचा एक पाव आणि मांसाच्या नळीचा पदार्थ इंग्रजी देशांत खातात. कोलंबिया आणि व्हेनेझुएलात त्याचं सरळ भाषांतर झालं, ‘पेर्रो कालिएन्ते’, म्हणजे गरम कुत्रा. अर्जेंटिनात तो ‘पांचो’ झाला आणि चिली देशात ‘कोम्प्लेतो’. कुत्र्याचा पत्ताच नाही.

तीन डॉक्टर, एक वाक्य

आता मुद्द्याचं. समजा अमेरिकेतल्या दवाखान्यात तीन स्पॅनिश बोलणाऱ्या बाया बसल्या आहेत. तिघींना डॉक्टर इंग्रजीत एकच वाक्य सांगतात, ‘काही दिवस हॉट खाऊ नका.’

पहिलीची दाढ काढली आहे. तिला सांगायचं आहे की कढत चहा, कढत सूप नको, ताजी जखम आहे. इथे शब्द हवा कालिएन्ते.

दुसरीला पोटात जळजळ होते, आंबट ढेकर येतात. तिला सांगायचं आहे की तिखट कमी कर. इथे शब्द हवा पिकान्ते. तिला कालिएन्ते सांगितलं तर ती रस्सा गार करून खाईल आणि मिरची तेवढीच राहील. जळजळही राहील. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणतील, ‘बाई ऐकत नाही.’ खरं म्हणजे बाईने शब्दाबरहुकूम ऐकलं होतं.

तिसरी गरोदर आहे. तिने कालिएन्ते ऐकलं की तिच्या मनात तिसराच अर्थ उभा राहतो. तो अर्थ आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

उष्ण आणि थंड, तिथेही

मेक्सिको, ग्वाटेमाला, प्वेर्तो रिको इथल्या खेड्यांत खाण्याचे पदार्थ, औषधं आणि आजार ‘गरम’ आणि ‘थंड’ असे वाटलेले असतात. आपल्याकडे पपई, तीळ, गूळ उष्ण आणि काकडी, ताक थंड, तसंच. हा हाताला लागणारा गरमपणा नाही, तो पदार्थाचा गुण आहे. हा विचार स्पॅनिश लोकांबरोबर गेला, ग्रीक आणि अरब वैद्यकातून आला, असं काही अभ्यासक मानतात. तिथल्या मूळ लोकांत तो आधीपासूनच होता, असं दुसरे म्हणतात. काही असो, बाया आजही तो पाळतात.

गंमत अशी की आपल्याकडे या दोन अर्थांना दोन शब्द आहेत, गरम आणि उष्ण. स्पॅनिशमध्ये शब्द एकच, कालिएन्ते. पण ती भाषा फरक करते ‘आहे’ या शब्दात. त्यांच्याकडे ‘आहे’ला दोन शब्द आहेत. ‘एस्ता कालिएन्ते’ म्हटलं तर आत्ता, या क्षणी गरम आहे, थोड्या वेळाने निवेल. ‘एस कालिएन्ते’ म्हटलं तर तो स्वभावानेच गरम, म्हणजे उष्ण. वाटीतला रस्सा ‘एस्ता’, पदार्थाचा गुण ‘एस’. एवढ्याशा अक्षराने अर्थ फिरतो.

बाळंतपणात अंगातली ऊब निघून जाते, म्हणून बाळंतिणीला थंड पदार्थ द्यायचे नाहीत, गार वारा लागू द्यायचा नाही, अशी तिथली समजूत. बाळंतिणीने 40 दिवस विश्रांती घ्यायची, याला ‘कुआरेन्तेना’ म्हणतात. आपला सव्वा महिना आठवला ना? मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत बाळंतिणीला वाफेच्या छोट्या खोलीत शेक देतात. मेक्सिकोत त्या खोलीला ‘तेमास्काल’ म्हणतात. आपल्याकडे शेगडी आणि शेक, त्यांच्याकडे तापलेले दगड आणि वाफ. बाईची काळजी घेण्याची धडपड दोन्हीकडे सारखी.

आता यात अडचण कुठे आली ते ऐका. ॲलन हारवुड नावाच्या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकोच्या लोकांमध्ये राहून अभ्यास केला आणि 1971 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. गरोदर बाया लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या टाळत होत्या. का? कारण त्या गोळ्या गुणाने गरम, आणि पोटातल्या बाळाला उष्णता बाधेल, ही भीती. डॉक्टरांना वाटत होतं की बाया निष्काळजी आहेत. बायांना वाटत होतं की आपण बाळाला जपतो आहोत. दोघांनाही बाळाचं भलंच हवं होतं. मधे फक्त एका शब्दाचा अर्थ अडकला होता.

यावरचा उपायही साधा होता. गोळी सोडू नका, ती फळांच्या रसाबरोबर घ्या. फळांचा रस त्यांच्या समजुतीत थंड, म्हणजे गोळीची उष्णता निवते. बाईचं मन निवांत, गोळीही पोटात. वर आणखी फायदा असा की आंबट फळांतल्या सी जीवनसत्त्वामुळे लोह अंगात जास्त चांगलं मुरतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या गावातलीच वाटते की नाही? गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस ती घ्यायची असते. आणि घराघरांतून आपण ऐकतो, ‘नको गं, उष्ण पडते.’ गोळी फडताळात राहते आणि अंगातलं रक्त कमीच राहतं. अशा वेळी ‘अडाणीपणा करू नकोस’ म्हणून भागत नाही. तिच्या शब्दाला धरूनच बोलायला हवं. ‘उष्ण वाटते ना? मग लिंबू सरबताबरोबर घे, किंवा जेवणात लिंबू पिळ. चहाबरोबर, दुधाबरोबर नको, त्याने लोह नीट मुरत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नको, ते लोहामुळे होतं. मळमळ फार झाली तर गोळी बंद न करता नर्सताईंना विचार.’ शब्द तिचा, उपाय दवाखान्याचा. दोन्हींची गाठ पडली की काम होतं.

शब्दाची किंमत

एका शब्दाने किती नुकसान होऊ शकतं याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आजही शिकवलं जातं. 1980 साली फ्लोरिडा राज्यात 18 वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं. घरची माणसं क्युबातून आलेली. त्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलण्यात याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलं आहे. इंग्रजीत याच्यासारखा ऐकू येणारा शब्द नशेसाठी वापरतात. मुलाने नशेची औषधं घेतली आहेत, असं धरून उपचार झाले. खरं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. वेळ हातची गेली आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे भरपाईचा आकडा सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरपर्यंत गेला. पण पैशाने हातपाय परत येत नाहीत. तिथे दोन्ही भाषा नीट जाणणारा दुभाषा बसलेला नव्हता, एवढीच उणीव.

म्हणून तिथे आता नियम आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी रुग्णाला दुभाषा मोफत द्यायचा. तरीही पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलीलाच आईचा दुभाषा व्हावं लागतं. दहा वर्षांच्या लेकीला आईच्या अंगावरून जाण्याबद्दल, लघवीच्या जळजळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला लावायचं, हे आईलाही अवघड आणि लेकीलाही. आई अर्धं सांगतच नाही. लेकीला अर्धे शब्द माहीतच नसतात. ‘जळजळ’ला स्पॅनिशमध्ये ‘आर्दोर’ म्हणतात. लेकीने त्याचं इंग्रजी नुसतं ‘हॉट’ केलं, तर डॉक्टर ताप मोजत बसेल.

योग्य शब्द कसा निवडायचा

आता इतकं सगळं ऐकल्यावर एक साधी रीत हाती लागते. कुठलाही शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, कशाबद्दल बोलणं चाललं आहे? वस्तू, माणूस, हवा, जनावर की जखम? कॉफी असेल तर कालिएन्ते. माणसाला उकडत असेल तर तेंगो कालोर. गाय असेल तर एन सेलो.

दुसरा प्रश्न, ते कळतं कशाला? हाताला, जिभेला, अंगाला की गुणाला? हाताला कळतं ते कालिएन्ते, जिभेला कळतं ते पिकान्ते.

तिसरा प्रश्न, ऐकणारी कुठली? मेक्सिकोची असेल तर बोचोर्नोस, स्पेनची असेल तर सोफोकोस. तिच्या गावात जो शब्द चालतो तो बरोबर, शब्दकोशात कितीही वेगळा असला तरी.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हे ऐकून ती घरी जाऊन काय करणार? रस्सा गार करणार, मिरची कमी करणार, की गोळी फडताळात ठेवणार? तिच्या हातून जे व्हायला हवं ते ज्या शब्दाने होतं, तोच योग्य शब्द.

आणि शेवटी एक पडताळा. ‘कळलं का?’ असं विचारू नका. कळलं नसलं तरी बाई ‘हो’च म्हणते, आपणही म्हणतो. त्याऐवजी म्हणा, ‘ताई, घरी सासूबाईंना हे कसं सांगशील, मला जरा सांगून दाखव.’ ती तिच्या शब्दांत सांगेल. चूक असेल तर तिथल्या तिथे दिसेल. ही रीत जगभरच्या चांगल्या दवाखान्यांत वापरतात. आशाताईंना, अंगणवाडीताईंना आणि गटाच्या अध्यक्षांना तर ती रोज उपयोगी पडेल.

मोबाईलवर भाषांतर करत असाल तर त्याला एकटा शब्द देऊ नका. एकटा ‘हॉट’ दिला तर तो समोर येईल तो अर्थ देईल. पूर्ण वाक्य द्या, ‘ही भाजी तिखट आहे’ असं. आलेलं उत्तर पुन्हा उलटं मराठीत करून पाहा. तरीही औषधाचं आणि कोर्टकचेरीचं काम मोबाईलवर सोपवू नका. जाणत्या माणसाला विचारा.

पुढच्या बैठकीत करून पाहा

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. एकीने ‘हॉट’ म्हणायचं. प्रत्येकीने आपल्या माहेरचा एकेक शब्द सांगायचा: गरम, कढत, ऊन, तिखट, झणझणीत, उष्ण, उकाडा, कणकण, चटका, जळजळ, वाफा. कुणाच्या माहेरी आणखी वेगळा असेल तोही घ्या. मग गटात आलेलं एखादं आरोग्याचं पत्रक मोठ्याने वाचा. कुठला शब्द नीट लागत नाही, कुठे दोन अर्थ निघतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. आशाताई आल्या की त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘ताई, इथे नक्की काय करायचं आहे?’ न लाजता विचारा. पत्रक आपल्यासाठी लिहिलेलं आहे, ते आपल्याला कळलंच पाहिजे.

आणि गटात कोणी गरोदर असेल, तिची लाल गोळी फडताळात पडून असेल, तर आज संध्याकाळी तिच्याकडे जाताना सोबत दोन लिंबं घेऊन जा.